एकदाच न विचारलेला ‘का’

माझ्या काकांना बंदरावर सगळेच काका म्हणतात, पण त्यात मान कमी आणि चेष्टा जास्त. ऊठसूट ‘का?’ विचारतात म्हणून ते ‘का-का’. पेशाने रंगारी. पाइप रंगवता रंगवता त्यांनी इंजिनिअरांचं डोकं खाल्लं होतं. उन्हाच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन, म्हणजे ‘ग्रीन हायड्रोजन’, कसा काढतात, हे त्यांनी मला दहादा समजावलं. मी गेटवर पास तपासत दहादा मान डोलावली.

“पण तो समुद्रापलीकडे का न्यायचा गं?” काकांनी एकदा मला विचारलं.

“तिकडे शेजारचा देश गॅस द्यायचा. भांडण झालं, त्याने व्हॉल्व्ह बंद केला. ऐन थंडीत घरं गारठली. आता ते म्हणतात, एकाच्याच भरवशावर राहायचं नाही.”

“म्हणजे माझ्या पाइपातून तिकडे ऊब जाणार!” त्या दिवशी काकांचा चहा तसाच निवला.

हायड्रोजन न्यायला पहिलं जहाज लागायच्या आदल्या दिवशी तिकडच्या तपासनीस बाई आल्या. सुपरवायझरने सकाळीच दम भरला होता, “काका, बाईंसमोर एक ‘का’ जरी निघाला, तर पास जमा करायचा आणि घरी बसायचं.” या वयात दुसरीकडे त्यांना कोण काम देणार? काकांनी तोंडावर बोट ठेवलं.

मला इंग्रजी येतं म्हणून बाईंचं बोलणं समजावून सांगायला मी सोबत होते. बाई कागदावर खुणा करत पुढे निघाल्या आणि काका मागेच थबकले. हायड्रोजनचा पाइप हिरवा. त्याला लागून आग विझवायच्या पाण्याचा पाइप, तोही पाण्याच्या सगळ्या पाइपांसारखा हिरवा. आग लागली तर घाबरलेला माणूस रंग बघूनच चाक फिरवणार. सुपरवायझरने डोळे वटारले. काकांनी गप्प बसावं असंच मला वाटलं, खोटं कशाला बोलू?

“बाई, हे दोन्ही हिरवे का?”

बाई वळल्या. मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्यांनी दोन्ही पाइप पाहिले. “हायड्रोजनचा कुणी रंगवला?”

“मीच. कागदावर ‘ग्रीन हायड्रोजन’ लिहिलं होतं, मी हिरवा डबा उघडला. आयुष्यात तेवढं एकदाच ‘का’ विचारलं नाही.”

बाईंनी तिथूनच आपल्या बंदरावर फोन लावला. बराच वेळ ऐकून घेतलं, मग ओशाळून हसल्या. “आमच्याकडेही हिरवाच आहे. कुणी विचारलंच नाही.”

जहाजाला दोन दिवस बाहेर थांबायला सांगितलं. दोन्ही बंदरांवर हायड्रोजनच्या पाइपांना पिवळा रंग द्यायचं ठरलं. पण सुपरवायझर शब्दाचा पक्का. संध्याकाळी काकांना घेऊन गेटवर आला आणि त्यांचा पास माझ्या टेबलावर आपटला. मी फॉर्म काढला. त्यात ‘कारण’ असा एक रकाना असतो.

“काय लिहू?” मी विचारलं.

त्याने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग पास काकांच्या हातात कोंबला. “उद्या लवकर या. पिवळा डबा घ्या.”

“पिवळाच का?”

सुपरवायझरने सुस्कारा सोडला, खुर्ची ओढली आणि सांगायला बसला.