होऊ दे लोकाइचं पयले

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. सगळी नोकरी सिग्नल्समध्ये झाली होती, त्यामुळे आखाती देशातल्या एका गॅस प्लान्टवर सिक्युरिटीच्या कंट्रोल रूममध्ये लगेच काम मिळालं. काम म्हणजे रेडिओ सेटवर बसणं आणि सगळ्या गेटांचा रिपोर्ट घेणं. बाहेर वाळू, आत एसी. अकोल्याच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला तिथल्या उन्हाचं कौतुक नव्हतं.

गेट टूवर वासुदेव खंडारे होता. निवृत्त नायक, इन्फन्ट्री, गाव दर्यापूरजवळ. पहिल्याच दिवशी सेटवर त्याचा आवाज ऐकला आणि मी विचारलं, "कोन्या गावचा बे?" तिथून पुढची कित्येक वर्षं आम्ही एकाच खोलीत काढली.

वासूचा हात देता होता. कोणी आजारी पडला की त्याची ड्यूटी वासू करणार. नवा माणूस कॅम्पला आला की वासूची चादर त्याच्या खाटेवर. आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे कणकेचे गोळे. तिथे गोवऱ्या कुठून मिळणार? त्याने तेलाचा रिकामा ड्रम उभा कापून त्यात कोळसे पेटवले आणि त्या निखाऱ्यांत रोडगे भाजले. वांग्याची भाजी, वरण, वर तूप. नेपाळी, पाकिस्तानी, बंगाली, सगळे जमिनीवर रांगेत बसायचे आणि वासू वाढायचा. आपल्याकडे वाढणारा शेवटी बसतो. मी म्हणायचो, "बस ना आता, थंडं होऊन राह्यलं."

"होऊ दे लोकाइचं पयले."

ठरलेलं उत्तर होतं. बरेचदा त्याच्या वाट्याला तुटका रोडगा आणि भांड्याच्या तळाचं वरण उरायचं. तेही तो चवीने खायचा.

आता गॅसबद्दल. त्या प्लान्टमधल्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक मरतं आणि वास येणंच बंद होतं. त्यानंतर माणूस पडायला वेळ लागत नाही. म्हणून प्रत्येक गार्डच्या पट्ट्याला एक मास्क असायचा आणि गेटवर मजुरांसाठी मास्कची पेटी. ड्रिल साधं होतं. आधी स्वतःचा मास्क, मग दुसऱ्याचा, कारण बेशुद्ध माणूस कोणालाच काही देऊ शकत नाही. फौजेत ऑर्डर पाळण्यात हयात गेलेल्या वासूला हे ड्रिल पाठ होतं.

त्या दिवसांत दुरुस्तीचं काम निघालं होतं. रोजंदारीचे मजूर भरपूर आत घेतले होते. पेटीतले मास्क मात्र तेवढेच होते. वासू रोज सकाळच्या रिपोर्टमध्ये सांगायचा, "गेट टू, पेटी कमी." मी ते रोज वर कळवायचो. ठेकेदाराचा मॅनेजर रोज म्हणायचा, ऑर्डर दिली आहे.

दुपारी जेवणानंतर अलार्म वाजला. वारा गेट टूकडे होता.

"गेट टू, कंट्रोल. मास्क लावून घे. ओव्हर."

"कंट्रोल, गेट टू. मजूर धावत येऊन राह्यले. पेटीतले वाटून राह्यलो. ओव्हर."

"तुझा लावला का?"

"होऊ दे लोकाइचं पयले."

"वासू, ऑर्डर आहे. मास्क लाव अन् निघ."

सेटवर धापा ऐकू आल्या. मग त्याही थांबल्या. मी हाक मारत राहिलो.

त्याच्यासोबत ड्यूटीवर तमांग होता, नेपाळी, तोही माजी सैनिक. तो मास्क लावून मजुरांना बाहेर नेत होता. त्याने नंतर सांगितलं, पेटी संपल्यावर वासूने पट्ट्याचा मास्क काढला आणि समोर आलेल्या एका बंगाली मजुराच्या तोंडावर चढवला. पंगतीत शेवटचा रोडगा द्यावा तसा. तो मजूर वाचला. सगळे मजूर वाचले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने आम्हाला रांगेत उभं करून सांगितलं, "खंडारे ने ड्रिल फॉलो नहीं किया." गोष्ट खरी होती. म्हणूनच डोकं फिरलं. पेटी भरलेली असती तर त्याने ड्रिल पाळलं असतं की नसतं, ते बघता आलं असतं. मी रांग सोडून त्याची कॉलर धरली. तमांगने मला ओढलं. मला घरी पाठवलं, बरं केलं.

वासूची शवपेटी नागपूरला विमानातून उतरली. तिरंगा नव्हता. वर्दीत गेला नाही, तर नियमाने मिळत नाही. नियम मला कळतो, राग तरीही आला. गावात एका पुढाऱ्याने भाषण केलं, वासूला कर्ण म्हणाला. मास्क कमी होते हे कोणीच बोललं नाही. मी बोलायला उठलो, तर लोक म्हणाले, आज नको. कर्ण म्हटलं की ठेकेदार सुटतो, हे त्यांना कोण समजावणार?

आणि वासूवर राग नाही का? आहे. मित्रा, जेवणाची पंगत वेगळी होती.

शोभावैनी, त्याची बायको, दरवर्षी त्याच्या तिथीला रोडग्यांची पंगत घालते. मी अकोल्याहून जातो. वैनीला शुगर आहे. मागल्या वर्षी वाढता वाढताच ती चक्कर येऊन पडली. या वर्षी गेलो तेव्हा पंगत बसली होती. लोक वासूच्या दानतीचं कौतुक करत होते. वैनीच्या हातात वरणाची बादली होती आणि सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"वैनी, तुमी पयले जेवून घ्या."

"होऊ द्या भाऊजी, लोकाइचं पयले."

माझा आवाज चढला. सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली.

"काही होऊ द्यायचं नाही. बसा."

"अशी रीत नाही."

"रीत मले माहीत आहे. त्याच रीतीनं गेला तो. एक गेला, पुरे झालं."

मी तिच्या हातातून बादली घेतली. पंगतीच्या सुरुवातीला बसलेला माणूस सरकला आणि वैनी तिथे बसली. मी तिच्या पत्रावळीत अख्खा रोडगा कुस्करला, वरण ओतलं, तूप वाढलं. तिने पहिला घास घेईपर्यंत मी दुसऱ्या कोणाला वाढलं नाही.