तिसरा ठोका

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर गप्प करणारा माणूस मी. भवानी पेठेत माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. हाताला लागतं तेवढंच खरं, असा हिशोब. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं ते लिहिल्याशिवाय चैन पडेना...

आमचा सोलापूरचा नऊ-दहा जणांचा ट्रेकिंग ग्रुप. त्यातले वडीलधारे म्हणजे अण्णा, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलेलं. नियम त्यांचाच — गव्यांच्या जंगलात ओरडायचं नाही. सगळ्यात शेवटी चालणाऱ्यानं काठी दगडावर आपटायची. दोन ठोके म्हणजे सगळं ठीक, तीन म्हणजे थांबा. शेवटी कायम अण्णाच. त्यांचा तिसरा ठोका जरा उशिरा पडायचा. मी लई चिडवायचो, "अण्णा, मधी डुलकी लागली का?"

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. या वेळी त्यांची मुलगी कविता आली, त्यांचीच काठी घेऊन. "चाचा, शेवटी मीच चालणार." पहिलाच ट्रेक तिचा! नाही म्हणायला हवं होतं मी. तिच्या आईला शब्द दिला होता, पोरीला नीट घरी आणतो म्हणून.

कोयनेच्या बाजूचं जंगल, सकाळचे नऊ, दाट धुकं. मी सगळ्यात पुढे. मागून ठक-ठक येत होतं, त्या भरवशावर मी एकदाही डोकी मोजली नाहीत. अर्धा तास झाला असेल... ठक-ठक. मग जरा थांबून — ठक.

थांबलो. मोजलं. कविता नव्हती.

या अल्ला! तसाच मागे पळालो, बाकीचे माझ्यामागं. दोन वळणांमागे ती वाटेच्या कडेला बसलेली, पाय मुरगळलेला. वीस पावलांवर गवा उभा. आमची चाहूल लागली तसा तो झाडीत शिरला.

"शाब्बास पोरी, तीन ठोके दिलेस म्हणून कळलं की!"

तिनं रिकामे हात पुढे केले. "चाचा, काठी तर पहिल्याच चढावर दरीत गेली. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. आणि हा असा समोर... ओरडू कशी?"

ठोके आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. ग्रुपमधले म्हणतात, सुतारपक्षी असेल. असेल की! पण मग तो तिसऱ्या ठोक्याआधी अण्णांसारखा का थांबला?

तिच्या आईला शब्द मी दिला होता. तो पाळला कुणी, हे मला आजही सांगता येत नाही.