दोरा बांधलेला चहा

साठीला टेकलेली बाई मी, आणि आजारी नवऱ्याच्या उशाचा कप उचलून त्यातला चहा चोरून पुन्हा उकळत होते. वेडेपणाला वय नसतं म्हणतात. माझ्याकडे बघूनच म्हणत असतील.

यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी घरी पाठवताना दूध बंद, आलं-मसाला बंद सांगितलं. पोटात काही टिकलं तर ताकद येईल. नाही टिकलं तर पुन्हा दवाखाना, आणि मग तिथून परत यायची खात्री कुणी देत नव्हतं.

मुलगा आणि सून विलायतेहून धावत आले. सून तिकडचीच, गोरी. मराठी नवऱ्याकडून शिकलेली. सावकाश बोलायची, पण नीट. दिंडोशीच्या आमच्या दोन खोल्यांत तिनं बॅग उघडली आणि आधी काय काढलं, तर चहाच्या पुड्यांचा डबा. टी-बॅग. प्रत्येक पुडीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला कागदाचा चौकोन. मला तर तान्ह्या बाळाला शेकायची ओव्याची पुरचुंडीच आठवली.

तिच्या देशात म्हणे कुणी गेलं, कुणाची नोकरी सुटली, की आधी चहाचं पाणी ठेवतात, मग तोंड उघडतात. हे मला पटलं. आमच्या कोकणात तरी दुसरं काय करतात? पण चहा उकळायचाच नाही म्हणजे काय? कपात पुडी, वरून कढत पाणी, त्यावर बशी झाकून गप्प बसायचं. हवा तेवढा रंग आला की दोरा धरून पुडी बाहेर. गाळणं नको, मोरीत चोथा तुंबायला नको, कडक की फिका ते ज्याचं त्यानं ठरवावं. हे सगळे गुण तिनं मला समजावून सांगितले. मी मान डोलावली आणि शेजारणीकडे जाऊन म्हटलं, इंग्रज इथे एवढी वर्षं राहिले, चहाचे मळे लावून गेले, पण चहा उकळायचा असतो एवढं काही शिकले नाहीत. शेजारीण पोट धरून हसली. मला मात्र हसू येत नव्हतं. लग्नापासून यांचा सकाळचा चहा माझ्या हातचा होता. आता तो दुसऱ्याच कुणाच्या हातचा, आणि तोही कच्चा.

सून कप उशाशी ठेवून आंघोळीला गेली की मी तो आत न्यायची. पुडीसकट पातेल्यात ओतायचा, दूध, साखर, आलं, कुंडीतल्या गवती चहाचं पान, आणि खळखळून उकळी. हे मुकाट पीत. दुपारी सगळं उलटून पडे. मग मी मुलाला सांगायची, तो तिचा कच्चा चहा बाधतोय यांना. एकदा मुलगा तिच्यावर चिडला, हे थांबव म्हणाला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तांदूळ निवडत होते; आणखी खाली मान घालून निवडले.

दुसऱ्या दिवशी ती गाळणं धुवायला गेली. चोथ्यात ओला दोरा आणि तो कागदाचा चौकोन. तिनं तो बोटांत धरून पाहिला, कचऱ्यात टाकला, गाळणं स्वच्छ घासून खिळ्याला अडकवलं. मी दारातच उभी. आता आपली वाट लागली, आता मुलाला हाक मारणार, असं वाटलं. तिनं चहाचं पाणी ठेवलं आणि या खेपेला दोन कप मांडले.

तेव्हापासून मी यांच्या कपाला हात लावला नाही. उलट्या थांबल्या, पेज टिकू लागली. त्यांनी आणखी एक गणपती पाहिला, मोदकसुद्धा चाखला, आणि मग गेले. पण गाळण्यात दोरा सापडला त्या दिवशी, तो दुसरा कप ओट्यावर निवत ठेवून, मी आधी यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, त्रास होत होता तर माझा चहा पीत का राहिलात, बोलला का नाहीत. डोळे मिटूनच ते म्हणाले, "तुझ्या चहाला नाही म्हणायला मला कधी जमलंय का गो? आता उठ, तिनं तुझ्यासाठी केलाय तो पी. आणि उकळू नकोस."