बंद केलेल्या वॉर्निंग

चूक माझीच होती. आमच्या प्रोग्रामिंग लायब्ररीत, म्हणजे इतरांना वापरायला दिलेल्या तयार कोडच्या संचात, वेबवरून माहिती मागवणारा एक भाग आहे. तो कसा वापरायचा हे सांगणाऱ्या पानांची नावं मी बदलली, पण त्यांच्याकडे नेणाऱ्या लिंक जुन्याच राहिल्या. तुटलेल्या लिंकच्या वॉर्निंग स्क्रीनभर येऊ लागल्या, तेव्हा मी त्या वॉर्निंगच बंद केल्या.

मैंदर्गीहून रोज सोलापूरच्या ऑफिसात येणाऱ्या एका सहकारी बाईंनी त्या लिंक दुरुस्त करून पाठवल्या. मी ती दुरुस्ती न उघडताच तिच्याखाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "असल्या किरकोळ कामानं नाव होत नाही."

बाई थेट माझ्या टेबलाशी आल्या. "सर, तुमी एकदा क्लिक करून तर बघा की! वाचणाऱ्याला तिकडं जा म्हणायचं, आन् तितं काहीच न्हाय!"

मी एका जुन्या लिंकवर क्लिक केलं. पान सापडत नव्हतं.

संताप आला, स्वतःचा आणि आम्हा सगळ्या अनुभवी म्हणवणाऱ्यांचा. कोड लिहिला की टाळ्या, आणि तो वापरणाऱ्या नवख्याला नीट वाट दाखवली तर ते किरकोळ? कुणी ठरवलं हे? आम्हीच, आमची पानं कधी न वाचणाऱ्यांनी!

जो टोमणा मारला होता, त्याच्याच खाली मी लिहिलं, "लिंक मी तोडल्या, वॉर्निंग मी बंद केल्या आणि दुरुस्त करणाऱ्या बाईंचाच अपमान केला. बाई, मला माफ करा."