हरळीचे दुश्मन

बीड जिल्ह्यातली हरळी जर कुणाला घाबरत असेल, तर ती फक्त आमच्या सासऱ्यांना. शेतात एकदा शिरली की जमिनीखाली मुळ्या पसरून ठाण मांडणारं हे चिवट गवत त्यांनी दिंद्रुडच्या रानात चाळीस वर्षं खणलं, वेचलं, वाळवलं आणि जाळलं. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही की नोकरी विचारली नाही. मला रानात नेलं आणि एक कोंब दाखवून म्हणाले, "वळखता का?" मी म्हणालो, "दूर्वा." "गणपतीला दूर्वा. आमाला हरळी," असं म्हणून त्यांनी तो कोंब मुळासकट उपटून सदऱ्याच्या खिशात घातला. बांधावर टाकला तर तिथंच रुजतो, म्हणून घरी नेऊन चुलीत घालायचा. मुलगी दिली त्यांनी, पण जावयाला गवतातलं काही कळत नाही, हे ते आजतागायत विसरलेले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई ओसरीवरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन बीडलाच झालं. रोज सकाळी मऊ, सपाट जागेवर चालवा, नाहीतर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून दोघं आमच्याकडे राहायला आले. आमच्या अंगणात नुसता मुरूम. मी हौसेनं नर्सरीतून हिरवळीच्या पट्ट्या आणून अंथरल्या. मामा, म्हणजे सासरे, दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मग खाली बसले, एक काडी तोडून दाताखाली धरली.

"पाव्हणं, ही हरळी हाय."

"लॉन आहे, मामा."

"तुमी काय बी म्हना. इकत आणली व्हय?"

त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मामी काठी टेकत त्या गवतावर दहा पावलं चालल्या, आणि मामा मुकाट्यानं पाण्याची नळी घेऊन उभे राहिले. जन्माच्या वैऱ्याची चाकरी इतक्या निष्ठेनं केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. गवत कापायला मी यंत्र आणलं, तर "ह्ये कुरतडतंय" म्हणून त्यांनी ते परत पाठवलं आणि उकिडवं बसून विळ्यानं एका उंचीवर कापलं. थंडी पडल्यावर विळा टांगून ठेवला. थंडीत गवताचे केस कापायचे नसतात म्हणे. शेणखत तर त्यांनी स्वतः कुस्करून, चाळून घातलं. एकच घोटाळा व्हायचा. गप्पा मारायला ते गवतावर बसले की हात आपोआप चालू व्हायचे. नेकनूरचे एक पाहुणे त्यांच्याशी तासभर पावसापाण्याचं बोलून गेले आणि मागे ताटाएवढी जागा बोडकी राहिली. बाजूला उपटलेल्या हरळीची नीट जुडी. मामा ओशाळून म्हणाले, "सवय हाय हाताला. मला हटकलं का न्हाई?" मग सगळं पुन्हा लावत बसले.

पौषात हिरवळ पिवळी पडली. हे व्हायचंच होतं, पण मामींनी त्याचा भलताच अर्थ लावला. "गवत बी गेलं. आता बसू द्या मला," म्हणाल्या आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली ती चार दिवस हातात घेतली नाही. मामा असे घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. पहाटे आंघोळीला गरम पाणी मिळेना म्हणून बायको बाहेर आली, तर वडील बादलीतलं कोमट पाणी तांब्या-तांब्यानं गवताला घालताहेत. "बाबा, गवताला आंघोळ?" तिनं विचारलं. त्यांनी पुढचा तांब्या ओतला. पाचव्या दिवशी मात्र खुरपं घेऊन त्यांनी एक पिवळा गड्डा उकरला, झटकला आणि मामींच्या मांडीवर ठेवला. खाली पांढरीशुभ्र, रसरशीत मुळी होती.

"बघ, जित्ती हाय का न्हाई? चाळीस वर्सं म्या मारली तवा मेली न्हाई. थंडीनं मरती व्हय? ऊठ."

मामी आधी मुळीकडे बघत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून खूप हसल्या. हसून झाल्यावर उठल्या. संक्रांतीला शेजारणींना वाण द्यायला त्या काठीशिवाय फाटकापर्यंत गेल्या.

नंतरचे दोन्ही हिवाळे ती दोघं आमच्याकडेच होती. पायरीपासून लिंबोणीपर्यंत मामींची ठरलेली वाट. रोज तीच तुडवल्यामुळे तिथलं गवत झिजून मातीची पट्टी पडली. "जरा बाजूनं चाल की," मामा कुरकुरायचे. "मला हीच वाट गावती," त्या म्हणायच्या.

मागच्या पावसाळ्यात मामी गेल्या. साध्या तापाचं निमित्त झालं. या हिवाळ्यात मामा एकटेच आले, तेव्हा पावसानं हरळी माजली होती आणि पट्टी अर्धी बुजली होती. पिशवी खाली न ठेवताच ते तिथं उभे राहिले. चहा झाल्यावर त्यांनी खुरपं मागितलं आणि पायरीपासून लिंबोणीपर्यंत बसत बसत, तीन वर्षं जपलेली हरळी मुळासकट काढली. सगळी. या वेळी हाताची सवय नव्हती. मी जवळ जाऊन बसलो.

गेल्या महिन्यात गावी जाताना मला म्हणाले, "गवताला पानी देत जा, पाव्हणं. तेवढ्या वाटंला नगा देऊ." आता रविवारी मीच खुरपं घेऊन बसतो. माझ्या हातून मुळ्या तुटतात, आठवड्यात पुन्हा कोंब येतात. फोनवर ते आधी हरळी कशी आहे ते विचारतात, मग वाट. वाट आहे म्हणून सांगितलं की "बरं" म्हणतात आणि फोन मुलीला द्यायला सांगतात.