खाली उभा असलेला बाप

ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि टीव्ही बंद, पेपर बंद. काळा चष्मा लावून दिवसभर पलंगावर. घाटकोपरच्या आमच्या एका खोलीत माणसानं करायचं काय? म्हणून मी कादंबरी वाचून दाखवायला घेतली. प्रेमाबद्दलची होती, पण नाचगाण्यातलं प्रेम नाही हो. म्हाताऱ्या नवरा-बायकोचं, भावाभावांचं, शेजारणींचं, असं सगळं. सावकाश चालणारी.

पुस्तक आमच्या मुलीनं दिलेलं, ते मी ह्यांना सांगितलं नव्हतं. तिनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हापासून ह्यांनी तिचं नाव टाकलंय. ती मुलुंडला राहते, आणि मी तिला स्टेशनबाहेर भेटते, चोरासारखी.

त्या दुपारी नवं प्रकरण काढलं. मुलीशी बोलणं टाकलेला एक बाप तिच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहतो. हातात पपई. वर तिच्या खिडकीत दिवा. दोन पानं एकदम उलटली असती, तर ह्यांना कुठे कळणार होतं? पण पावसाळ्यात आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन मीच करते. शाळा माझी चौथीपर्यंत, धड वाचायला शिकले ती विहारातच, आणि तिथे ओळ गाळायची नसते. गाळायला जीभच वळेना. वाचत गेले. बाप पपई वॉचमनच्या हातात देतो आणि परत फिरतो.

"थांबलीस का?" हे म्हणाले.

"संपलं प्रकरण."

ह्यांनी काळा चष्मा सारखा केला. मग, "पुस्तक कुणी दिलं गं?"

काय सांगू? आता ओरडतात की पुस्तक भिरकावतात, काही कळेना.

"तुमच्या लेकीनं."

हे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. तेवढ्यात फोन वाजला. तिचाच. एरवी मी फोन घेऊन बाहेर गॅलरीत पळते. त्या दिवशी तिथेच बसून घेतला. मला कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज मोठा. खोलीभर ऐकू गेलं, "आई, पप्पांचा डोळा कसाय?"

"बराय," मी म्हटलं.

भिंतीकडे बघतच हे केवढ्यानं तरी बोलले, "वर जायला पाहिजे होतं त्यानं. येडा कुठला!"

"आई, पप्पा कुणाला बोलतायत?"

"पुस्तकातल्या बापाला."

"पपईवाल्याला?" तिनं विचारलं. तिनं वाचलेलं ना ते, माझ्या आधी.