सौताड्याचा खरा आवाज

पाटोद्याच्या दीपमालाचा पाय एका जागी ठरत नसे. लग्नाच्या शूटिंगला गेली, की अक्षता पडायच्या आत तिच्या डोक्यात पुढचं लग्न सुरू व्हायचं. ती कामं सोडून तिनं ड्रोन घेतला, तेव्हा नवरा सोमेश्वर हसून म्हणाला, "आता तर तू उडायलाच निघालीस!"

पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा बघायला नगर-पुण्याकडून गाड्या येत. दीपमाला तिथं छत्री ठोकून बसे. बसे कसली, सारखी येरझारा घाली. कठड्याशी उभ्या कुटुंबावरून ड्रोन दरीत न्यायचा, धारेसमोर क्षणभर थांबवायचा, तळाचं रामेश्वराचं देऊळ दाखवायचं. मंडळींचा चहा होईस्तोवर तीन मिनिटांची फिल्म त्यांच्या मोबाईलवर.

सप्टेंबरात राधाकिशन काका आले. जन्म दरीच्या कडेच्या वस्तीवरचा, हयात नोकरीपायी पुण्यात गेलेली. गुडघे पायऱ्या उतरू देईनात, म्हणून त्यांनी फिल्म घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"पोरी, चित्र झकास हाय. पर ह्यो आवाज कुठला?"

"पाण्याचाच की, काका."

"पाण्याचा हाय, सौताड्याचा न्हाई. त्या आवाजात मी ल्हानाचा मोठा झालो."

"मोबाईलवर जरा बदलतो," असं म्हणून तिनं वेळ मारून नेली. पण काकांचं खरं होतं. उडत्या ड्रोनला आवाज घेता येत नाही. इंटरनेटवरून उतरवलेला कुठल्याशा परक्या धबधब्याचा आवाज ती प्रत्येक फिल्मला चिकटवत आली होती. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माईक घेऊन दरीत उतरली. पोरांचे स्पीकर, आरोळ्या, शिट्ट्या. पाणी कुठं ऐकूच येईना. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली, तर वाऱ्यानं माईक नुसता फडफडला. तिनं सोमेश्वरची कानटोपी फाडून माईकला गुंडाळली.

"अगं, टोपी कावून फाडली?" तो ओरडला.

"थंडीला अजून टाइम हाय!" म्हणत ती गाडीवर बसलीसुद्धा. पाऊस उघडला होता, धार रोज बारीक होत चालली होती.

त्या सकाळी वारा पडला होता, माणूस नव्हतं. तिनं माईक खडकावर ठेवला आणि ऐकून पाहिलं, तर पाण्याबरोबर तिच्याच बांगड्या वाजत होत्या, चपलेखाली खडे करकरत होते. बांगड्या काढून ओच्यात बांधल्या, चपला लांब ठेवल्या आणि ती बसली. पाच मिनिटांत पायाला मुंग्या आल्या. उठावं, दुसरीकडून घ्यावं, बॅटरी बघावी, असं शंभरदा वाटलं. दात आवळून ती बसून राहिली. मग हळूहळू पाणी उलगडत गेलं. वर कड्यावर फुटणारं वेगळं, मधल्या कपारीतून घसरणारं वेगळं, डोहात पडणारं जड. आणि त्यामागं कपारीतल्या पारव्यांचं घुमणं. तीन वर्षं ती इथं धंदा करत होती. हे तिनं ऐकलंच नव्हतं.

नवी फिल्म पाठवली आणि तिनं स्वतःच फोन लावला. "काका, त्या दिवशी मी खोटं बोलले. तो आवाज भलतीकडचा होता."

पलीकडं फिल्म सुरू झाल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "पारवे हायत गं अजून! मला वाटलं, गर्दीला भिऊन गेले असतील."

आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना तिनं खरं काय ते लिहून नवी फिल्म पाठवली. पुष्कळांनी मोबाईलवर नुसता 'लाईक'चा अंगठा पाठवला. एकानं 'फसवलंत' म्हणून सुनावलं. तिनं माफी मागितली. एका बाईनं विचारलं, 'आधीच्यात आणि ह्यात फरक काय?' त्या प्रश्नानं मात्र ती दिवसभर घरात फिरत राहिली.

"झालं ना आता मनासारखं?" सोमेश्वरनं विचारलं.

"कपिलधारच्या धबधब्याला बी तोच उसना आवाज लावलाय मी," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधू लागली.